आधी राजन्ना, मग मल्लन्ना

आमच्या घरात हळू बोलून चालत नसे. घर आणि गिरणी यांच्यामध्ये एकच मातीची भिंत होती, आणि तिलाही बाबाला चहा देता यावा म्हणून आईनं एक खिडकी पाडून घेतली होती. गिरणी म्हणजे धान भरडायची. लाईन आली की बाबा खटका ओढायचा. आधी मोटार गुणगुणायची, मग पट्टा सरकायचा, मग भरडणारा हलर धान खायला लागायचा, आणि त्यानंतर आमच्या घरातलं सगळं जगणं त्या धडधडीच्या आत चालायचं. पट्ट्याला एक सांधा होता. तो चाकावरून जाताना फट् करून वाजायचा. आई तांदळाच्या पिठाची भाकर थापायची तीसुद्धा त्या फट्-फट्च्या तालावर, तिला ते ठाऊक नसलं तरी. लाईन गेली की तिचा हात हवेत थांबायचा. भिंतीवर, भांड्यांवर, आमच्या पापण्यांवर कोंड्याची पिवळट भुकटी असायची. खायला कनकी असायची, कारण अख्खा तांदूळ ज्याचा त्याच्या घरी जायचा आणि तुटलेला आमच्याकडे राहायचा. कनकीची पेज, कनकीचा भात, वर लाखोळीची डाळ आणि आंबाडीची भाजी. मी वयात येईपर्यंत भाताचं शीत लांब असतं हे मला फक्त दुसऱ्यांच्या लग्नात दिसायचं.

आता चंद्रपुरात माझं तांदळाचं स्वतःचं दुकान आहे, आत काचेची खोली आहे, त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. मुलानं हौसेनं करून दिली. मी तिथं अर्धा तास बसले की मला थकवा येतो. कान कशावर टेकवावेत तेच कळत नाही.

बाबाचा उजवा कान गिरणीनं आधीच खाल्ला होता आणि डावा खायला घेतला होता. तो कबूल करत नसे. समोरचा बोलला की ओठांकडे बघायचा आणि मान हलवायचा. धान घेऊन आलेल्या बाया त्याला नाव सांगायच्या, तो मान हलवायचा, आणि मग कोणाचं धान आधी आलं आणि कोणाचं नंतर याचा घोळ व्हायचा. टोपल्या, पोती, गाठोडी एका जागी पडलेली, त्यात भांडणं. मी शाळेतून आले की दारात उभी राहायची आणि भांडणं पाहायची. एक दिवस मी आपणहोऊन सांगितलं, "आधी जनाबाई, मग कोतवालाची सून, मग धाकटा भोयर, मग तुम्ही." ती बाई चिडली. "तुले काय मालूम? तू तं आता आली."

"मी आली तवा तुम्ही वाटेवर होत्या. तुमच्या पुढं धाकट्या भोयरची बैलबंडी होती."

बाकीच्या हसल्या. बाबानं ओठ वाचले आणि तोही हसला. त्या दिवसापासून दारातली जागा माझी झाली. येणारीनं फक्त मला नाव सांगायचं. मी ते डोक्यात मागच्या नावामागं उभं करायची, आणि सारी रांग मनात एकदा पुढून मागं म्हणायची. मागं हलर धडधडत असायचा. लोक म्हणायचे, एवढ्या आवाजात पोरीच्या डोक्यात राहतं कसं? मला त्या आवाजाची अडचण कधी वाटली नाही. उलट त्या धडधडीच्या आत एक आडोसा होता. बायांना बोलायचं असेल तर बाहेर चिंचेखाली जावं लागायचं, कारण दारात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही. माझ्या कानात फक्त हलर, आणि हलर आपला एकाच सुरात. त्या सुरावर रांग सरळ उभी राहायची.

बाबाला माझा अभिमान होता. तो तोंडावर बोलत नसे, पण गिऱ्हाइकांना सांगायचा. "शांतीचं लगन होऊन जाईन. देवा लहान आहे, त्याले बैलांचा नाद. ही गिरणी वच्छी पाहीन." शांता माझी थोरली बहीण, देवा धाकटा भाऊ, आणि वच्छी म्हणजे मी. बाप गिरणी पोरीला देतो म्हटल्यावर लोक तोंड वाकडं करायचे. बाबाला ते ऐकू जात नसे, किंवा त्याला ऐकायचं नसे. मला मात्र ऐकू जायचं, आणि मी तेवढीच ताठ उभी राहायची. हे मी इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण पुढं माझ्या हातून काय गेलं ते कळलं पाहिजे. मला शाळेचं काही वाटत नव्हतं. दागिन्यांचं नव्हतं. मला तो खटका पाहिजे होता. सकाळी लाईन आली की खटका मी ओढणार, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की मी लग्नाच्या गोष्टीसुद्धा या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची.

शांताची सोयरीक सिरोंच्याकडची जुळली. माणसं मूळची आपलीच, पण दोन-तीन पिढ्या तिकडं राहिल्यामुळं आमच्याशी मराठी बोलायची आणि आपसात तेलुगू. आईला धास्ती होती की पोर तिकडं मुकी होईल. पण मुलगा चांगला होता, शेती होती, आणि नवरदेवाचा बाप नव्हता म्हणून त्याच्या काका-मामांनी मिळून सगळं ठरवलं होतं.

आमच्या गावात लग्नात टोपी-दुपट्ट्याचा मान असतो. लगन लागलं की पंगतीच्या आधी वराकडच्या मानकऱ्यांना एकेकाचं नाव पुकारून बोलवायचं, टिका लावायचा, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. तो होईस्तोवर पान वाढत नाहीत. नावाचा क्रम हाच खरा मान. दुपट्टा काय, सगळ्यांना एकाच ठाणातल्या कापडाचा. आणि आमच्याकडं एक रीत अशी की नावं कागदावर पाहून पुकारायची नाहीत. कागद पाहून बोलावणं म्हणजे रेशनच्या दुकानातली हाक, असं म्हातारे म्हणायचे. पाहुण्याचं नाव तोंडात असलं पाहिजे. पण वरातीत कोण आलं, कोण नाही, कोणाचं वय मोठं, हे वरात पोचल्यावरच कळायचं. म्हणून घरातला वडीलधारा वराकडच्यांत फिरून क्रम विचारून यायचा, पुकारणाऱ्याच्या कानात एकदा सांगायचा, आणि पुकारणारा तसाच म्हणायचा. गावातली सगळी लग्नं झिबलाजी पुकारायचा. ताडासारखा माणूस आणि घशात शिंग असल्यासारखा आवाज. शांताच्या लग्नाच्या दोन दिवस आधी त्याचा घसा असा बसला की त्याच्या तोंडातून फक्त वारा निघायचा.

मोठे बाबा, म्हणजे बाबाचे थोरले भाऊ, कपाळाला हात लावून बसले. "आता कोण पुकारन?"

बाबा म्हणाला, "वच्छी पुकारन."

"पोरगी मान पुकारते काय गा? लोकं हासतीन."

"हासू दे. तिच्या डोक्यातून नाव हालत नाई. रोज पाहून राह्यलो मी."

मला तेव्हा पंख फुटल्यासारखं झालं. आज मी विचार करते की त्या क्षणी कोणी मला एवढंच सांगितलं असतं, की पोरी, त्या नावांत दोन भाऊ असे आहेत, विहिरीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत, आणि थोरला या लग्नाला आला तो या अटीवरच की धाकट्याच्या आधी त्याचं नाव घेतलं जाईल, तर मी ती दोन नावं तरी घट्ट धरून ठेवली असती. मोठ्या बाबांना ते ठाऊक होतं. त्यांनी फक्त क्रम सांगितला. अट पोटात ठेवली. म्हणाले, पोरीला काय करायच्या भानगडी.

लगन दुपारचं होतं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, खाली शेणाचा सडा, आणि चुलाण्यांवर वांग्याची भाजी रटरटत होती. तिचा वास मांडवभर. गिरणी त्या दिवशी बंद. ती बंद असल्याचं मला आतून जाणवत होतं, दात पडल्यावर जीभ तिथंच जाते तसं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, लोक बसले. मोठे बाबा वराकडच्यांत फिरून आले, मला मांडवाच्या खांबापाशी ओढलं आणि कानात म्हणाले, "आयक. व्यंकटीजी, पोचमजी, राजन्नाजी, तुकारामजी, मल्लन्नाजी, किसनजी, लचमाजी. म्हण."

मी म्हटली. बरोबर. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि गेले.

तेव्हाच पुकारलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. पण दुपट्टे ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली आईच्या पदराला, आणि आई आत शांताजवळ रडत बसलेली. देवाला पाठवलं. मी खांबाला टेकून उभी, मनात रांग म्हणत. व्यंकटीजी, पोचमजी, राजन्नाजी. माझ्या पाठीमागं, इतक्या जवळ की एकीचा पदर माझ्या कोपराला लागत होता, वराकडच्या दोन-तीन बाया येऊन बसल्या आणि तेलुगूत बोलायला लागल्या. काय बोलत होत्या देव जाणे. उन्हाचं बोलत असतील, नवरीच्या रंगाचं बोलत असतील. एकीचा आवाज बारीक, वर चढणारा, दुसरीचा जाड, तिसरी मध्येच हसायची. एकही शब्द मला कळत नव्हता. व्यंकटीजी, पोचमजी. बारीक आवाज वर गेला. तुकारामजी. जाड आवाज. मल्लन्नाजी. मी डोळे मिटले. नावं कुठं गेली नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. सातही नावं माझ्याजवळ होती. पण ती उभी राहीनात. गिरणीच्या दारात एखादी दांडगी बाई टोपली घेऊन रांगेत घुसली की बाकीच्यांच्या टोपल्या कशा सरकतात, तसं त्या बायांच्या बोलण्यातलं एकेक उंच-सखल अक्षर माझ्या रांगेत घुसत होतं आणि नावं जागा सोडत होती. मी मान फिरवून त्यांच्याकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहून गोड हसल्या.

देवा दुपट्टे घेऊन आला. बाबानं मला मांडवाच्या मध्यात उभं केलं. सगळं गाव बघत होतं. कोणीतरी म्हणालं, "पाहा, पोरगी पुकारून राह्यली," आणि हशा पिकला. मी आवाज लावला. गिरणीच्या पोरीचा आवाज. झिबलाजीनंही मान वर केली.

"व्यंकटीजी!" म्हातारा उठला, टिका, टोपी, दुपट्टा. "पोचमजी!" तेही झालं. "मल्लन्नाजी!"

मल्लन्नाजी, म्हणजे त्या दोघांतला धाकटा, बिचारा गोंधळून अर्धा उठला. तो पुरता उभा राहायच्या आधी त्याच्या पलीकडचा एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा राहिला. तो काही ओरडला नाही. त्यानं वहाणा शोधल्या, घातल्या, आणि मांडवातून बाहेर चालायला लागला. त्याच्यामागं त्याची पोरं, सुना, लेकरं. मोठे बाबा धावले. "राजन्नाजी, अहो, पोरगी आहे, चुकली! राजन्नाजी!" तो थांबला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "पोरगी उभी कोणी केली? तुम्हीच केली नं?" आणि गेला. त्यांची पानं रिकामी राहिली. नंतर किती हाता-पाया पडले, किती वेळानं बाकीची पंगत बसली, ते मी पाहिलं नाही. मी हलरमागं, कोंड्याच्या ढिगावर जाऊन बसले होते.

शांता गेली ती त्या रिकाम्या पानांचं ओझं घेऊन गेली. सासरी तिला उठता-बसता ऐकावं लागलं. सलग काही वर्षं तिला माहेरी पाठवलं नाही. आई वाट पाहून पाहून शेवटी वाट पाहायची थांबली.

पण माझा निकाल त्याच संध्याकाळी लागला. पाहुणे गेल्यावर बाबा ओट्यावर बसला, मोठे बाबा बाजूला. मला उभं केलं. मी सांगितलं की मागं बाया बोलत होत्या, त्यांच्या बोलण्यानं माझा क्रम मोडला. बाबानं दोनदा विचारलं, मी दोनदा ओरडून सांगितलं.

"काय बोलून राह्यल्या होत्या?"

"मले काय मालूम? तेलुगूत बोलत होत्या."

"तुले तेलुगू येते काय?"

"नाई."

"मंग?" बाबा मोठ्या बाबांकडं वळला. "हिले समजतच नाई, तं त्याच्यानं हिचं काय बिघडलं? जे समजलंच नाई ते डोक्यात जाईनच कसं?"

मोठे बाबा म्हणाले, "बहाना आहे. पोरीचं डोकं आहे, हुरळून गेलं."

"गिरणीत एवढा धडधडा आवाज, तवा चुकत नाई," बाबा म्हणाला, "अन् दोन बाया कुजबुजल्या तं चुकते? असं कुठी असते काय?"

 मलाही ते खरं वाटलं. न कळणारी भाषा आड येते कशी, आणि कानठळ्या बसवणारी गिरणी आड येत नाही कशी? बाबाच्या कानात गिरणी कायमची जाऊन बसली होती. त्याला बोलणं आणि धडधड सारखीच. त्याचा तर्क त्याच्या कानापुरता सरळ होता. आणि मी एक संतापी पोर, उत्तर सापडलं नाही म्हणून ओट्यावरचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. त्यानं माझी बाजू आणखी गेली. बाबा एवढंच म्हणाला, "उद्यापासून दारात देवा उभा राहीन." पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न उरकलं. गिरणी देवाला मिळाली, ज्याला बैलांचा नाद होता आणि जो रांगेत आलेल्या बायांच्या टोपल्यांवर खडूनं आकडे टाकायचा.

नवरा माझा वीज केंद्रात हेल्पर होता, ऊर्जानगरला क्वार्टर. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून चेहरे उतरायचे, सगळे सारखे थकलेले. आणि दिवसभर दूरवर वीज बनवणाऱ्या संचाचा घुर्र आवाज. पहिल्याच दिवशी तो ऐकला आणि मला रडू आलं, कारण तो हलरचा चुलतभाऊ होता. त्या आवाजात माझं डोकं पुन्हा सरळ चालायला लागलं. मी मूल-सिंदेवाहीकडच्या गिरण्यांतून कनकी आणून क्वार्टरच्या ओट्यावर विकायला लागले, मग तांदूळ, मग दुकान, मग गोदाम. कोणी हात दिला नाही आणि मी कोणाकडं मागितला नाही. लोक म्हणतात वच्छलाबाईशी भाव करायला बसलं की माणूस उठताना बावचळलेला असतो. ते खरं आहे. गिरणीवाले तांदळाचे भाव तोंडी सांगतात, एकामागून एक, या जातीचा हा, त्या जातीचा तो, जुन्याचा वेगळा, नव्याचा वेगळा. मी ऐकून घ्यायची, आणि तो पुढचा आकडा जुळवत असताना बोलायला लागायची. तुमच्या काकू कशा आहेत, तो रस्ता झाला काय, चहात साखर किती. भावाचा एक शब्द नाही. थोड्या वेळानं तो आपलेच भाव उलटसुलट सांगायचा आणि मी त्यातला माझ्या सोयीचा धरायची. मांडवात माझ्यावर जे झालं ते काय होतं मला ठाऊक नव्हतं, पण ते दुसऱ्यावर होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यावर मी घर बांधलं. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

या उन्हाळ्यात माझी नात पल्लवी नागपूरहून आली. ती मानसशास्त्र शिकते. तिला कॉलेजासाठी घरातल्या चार-पाच माणसांवर एक प्रयोग करून न्यायचा होता. मला काचेच्या खोलीत बसवलं आणि सात भाज्यांची नावं सांगितली. म्हणाली, थोडं थांबायचं, मग त्याच क्रमानं म्हणायची. मी म्हटली. मग माझ्या कानांवर ते मोठे गोल हेडफोन चढवले आणि त्यात पंख्यासारखा एकसारखा घोंघाट लावला. नवी सात नावं. मी म्हटली. चूक नाही. "आजी, तू तर भारीच आहेस," ती म्हणाली. मला वाटलं, भारी कसली, हा तर हलर आहे.

मग तिनं आणखी सात नावं सांगितली आणि कानात बोलणं सुरू झालं. एक म्हातारी बाई तेलुगूत कोणाला तरी रागावत होती. आवाज वर चढायचा, खाली यायचा, मध्येच खोकायची. मी डोळे मिटले. वांगं, दोडका, भेंडी. आवाज चढला. कारलं. वांगं, भेंडी. 

"म्हण आजी."

मी म्हटली. पल्लवीनं मोबाइलवर काहीतरी टिपलं. "सगळी नावं आली. एकही सुटलं नाही. फक्त जागा बदलल्या."

"काय म्हणाली?"

"जागा बदलल्या गं. दोडका आणि कारलं. सगळ्यांचं असंच होतं. क्रमच जातो."

"मले तेलुगू येत नाई," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला.

"यायची गरजच नाही ना. हीच तर गंमत आहे. भाषा कळो न कळो, बोलणं वरखाली होत असलं की ते आपोआप डोक्यात शिरतं आणि तिथं लावलेली रांग मोडतं. तू लक्ष नाही दिलंस तरी. एकसुरी आवाज कितीही असला तरी फारसं काही होत नाही." मग हसली. "आणि परकी कोणी नाहीये ती, शांताआजी आहे. सुनेला पाठवायची व्हॉइस नोट चुकून आपल्या ग्रुपवर टाकली होती तिनं. मी तीच वापरली."

मी हेडफोन काढून टेबलावर आपटले. पोर घाबरली. तिला वाटलं प्रयोगात मी नापास झाले म्हणून चिडले. तिला काय सांगणार? की बाबाच्या ज्या एका वाक्यावर माझी गिरणी गेली, ते वाक्य चूक होतं, आणि ते चूक आहे हे या पोरींना कॉलेजात सहज, गंमत म्हणून शिकवतात. तेही शांतीच्याच आवाजात. त्या दिवशी मी जेवले नाही. राग असता तर जेवले असते. रागात मला भूक लागते. हा राग नव्हता. खूप ओझं वाहून नेल्यावर कोणीतरी सांगावं की हे इथं आणायचंच नव्हतं, तसं काहीतरी.

त्याच आठवड्यात देवाचा फोन आला. गावात मोठी नवी राइस मिल झाली, हलरकडं आता कोणी फिरकत नाही, भंगारवाला येऊन बघून गेला. "बाई, तू घेतेस काय? नाई तं त्याले देतो." आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी म्हटलं, येते.

घराची भिंत आता विटांची आहे, पण खिडकी तिथंच. देवा म्हातारा झाला आहे. दोन्ही गुडघे गेलेले. त्याच्या बायकोनं कनकीचा उपमा केला, मुद्दाम, मला आवडतो म्हणून. मला कनकी मुळीच आवडत नाही, पण खाल्ली. मग मी त्याला सांगितलं. मांडव, बाया, तेलुगू, पल्लवी, सगळं. तो ऐकत होता. त्याचा एक कान गेलेला आहे, तोही ओठांकडं बघतो, बाबासारखाच.

"म्हणजे तू खरं बोलून राह्यली होतीस," तो म्हणाला.

"मंग काय खोटं बोलली होती?"

"आता बाबाले कोण सांगन, बाई?"

 तो जमिनीकडं बघत म्हणाला, "शेवटी-शेवटी बाबाले काहीच आयकू येत नव्हतं. दारात बसे. मले वच्छीच म्हणे. पोतं दिसलं की विचारे, 'वच्छे, आता कोणाचा नंबर?'"

"हे तू मले आता सांगून राह्यला?"

"तू विचारलं कधी? तू आली की भांडून जाये."

माझ्या हातात उपम्याची ताटली होती. मी ती खाली ठेवली. फेकली नाही; तेवढं वय झालं आहे. "मोटार चालते काय ते दाखव," मी म्हटलं. "बंद माल मी घेत नाई."

देवा खटक्याकडं निघाला. मी म्हटलं, सरक. खटका मी ओढला. तो गंजला होता, दोन्ही हात लावावे लागले. मोटार गुणगुणली, पट्टा सरकला, आणि हलर रिकाम्या पोटानं धडधडायला लागला. सांधा अजून वाजत होता. फट्. फट्. मी दारातल्या माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले आणि गिरणीच्या पोरीच्या आवाजात, जोरानं म्हटलं: व्यंकटीजी, पोचमजी, राजन्नाजी, तुकारामजी, मल्लन्नाजी, किसनजी, लचमाजी. सातही. आपापल्या जागी. समोर रिकामं आवार, चिंचेखाली एक शेळी. कोणी उठलं नाही, कोणी वहाणा घातल्या नाहीत. धडधडीत माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

देवानं खटका खाली केला. हलर थांबता थांबता बराच वेळ घरघरला. त्यानं माझे ओठ हलताना पाहिले होते, पण वाचता आले नव्हते.

"काय म्हणत होतीस, बाई?"

"पट्टा जुना आहे," मी म्हटलं. "त्याचं मी काही देणार नाई."